दुधाच्या कॅनमधला डीएनए

आमच्या लॅबमध्ये खरं काम थोडं आणि वाट बघणं फार. डीएनए सोन्याला चिकटेपर्यंत वाट बघा, मग तो धुऊन नीट बसेपर्यंत वाट बघा, मधेच लाईट गेली तर ती येईपर्यंत वाट बघा. आता चार माणसं इतका वेळ रिकामी बसली की चहा होतो, आणि चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते सांग ना, मॅडमच्या गुडघ्याचं!" असं करत करत इतकं साठलंय, की आमच्याकडे पेपर कमी आणि किस्से जास्त. मॅडमना हे वाक्य आवडणार नाही, पण त्या ते खोडूनही काढणार नाहीत.

आधी माणसं सांगते. संगमनेरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या पार टोकाला आमची खोली. पठारे मॅडम तिथल्या सर्वेसर्वा. उंची बेताची, आवाज हळू, पण त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं तरी समोरचा घाम पुसतो. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते. रूथ नगरची, पीएचडी अर्ध्यावर आलेली. आणि विनायक श्रीगोंद्याकडचा, घरी ऊस. अंगानं दांडगा, बोलला की शेजारच्या वर्गातली मुलं वळून बघतात. पण हातात पिपेट आली की तान्ह्या बाळाला औषध पाजावं तसा हळुवार!

आमचं काम सांगायला सोपं आहे. सोन्याच्या इवल्याशा इलेक्ट्रोडवर डीएनएचे धागे एका टोकानं चिकटवायचे. मोकळ्या टोकाला एक निळा रंग बांधायचा. पोटॅशियम मिळालं की हा धागा स्वतःचीच घडी घालतो, निळं टोक सोन्याजवळ येतं आणि करंट वाढतो. सोडियमकडे तो ढुंकूनही बघत नाही. बस्स! एवढ्यावर विनायकची पीएचडी होती, आणि एवढ्यावरच ती अडकली होती. एक दिवस डीएनए गुणी बाळासारखी घडी घालायचा, दुसऱ्या दिवशी त्याच द्रावणात ढिम्म. त्यात मॅडम मे अखेर रिटायर होणार. विनायकला मिळायच्या तेवढ्या मुदतवाढी मिळून संपलेल्या. मॅडम गेल्या की गाईड बदला, विषय बदला, पुन्हा श्रीगणेशा. तो वरून हसायचा, पण डबा अर्धाच खायचा. मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं.

*

विनायकचं लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. गावाकडे एवढंच कळलं होतं की पोरगा सोन्याच्या कामात आहे. मग एक दिवस मुलीचे मामा स्वतः खात्री करायला लॅबमध्ये हजर. फेटा, पांढरीशुभ्र विजार, आणि हातात मॅडमसाठी हुरड्याची पिशवी.

विनायकनं इलेक्ट्रोड दाखवला. टोकाला मोहरीएवढा सोन्याचा ठिपका. मामांनी आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

"येवढंच?"

"येवढंच, मामा."

"आरं, आमच्या म्हातारीच्या नथीत ह्यापरीस जास्त हाय की!"

विनायकला वाटलं, आता स्थळ गेलं हातातून. म्हणून त्यानं त्यांना कळेल असं समजवायला घेतलं. "मामा, ह्या सोन्यावर डीएनए लावलाय. इलेक्ट्रोड निगेटिव्ह केला की त्यो उसावानी ताठ उभा ऱ्हातो. पॉझिटिव्ह केला की आडवा हुतो."

मामा एकदम सावध झाले. "म्हंजी आडवा झालेला परत उभा करता येतो?"

"व्हय."

"कितीबी येळा?"

"कितीबी."

मामांनी मागे वळून दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, परवाच्या वाऱ्यानं आमचा खालच्या रानातला समदा ऊस लोळलाय. तोडीवालं हात लावंनात. दोन दिस हे मशीन न्हेऊ का?"

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "न्या की. फक्त खाली जमीन सोन्याची लागते."

"सोन्याचीच हाय वो!" मामा उसळले. "काळीभोर! येऊन बघा पायजे तर!"

*

आमचे करंट इतके बारीक असतात, की कुणी शेजारून मोबाईल घेऊन गेलं तरी आलेखाला दात येतात. त्यावर उपाय म्हणजे सगळी मांडणी धातूच्या बंद पेटीत ठेवायची. तसली विकतची पेटी आणायची सोय नव्हती. पण संगमनेरात दुधाच्या कॅनला काय तोटा? मॅडमच्या दिरांची डेअरी. तिथली एक मोठी कॅन आणली, आणि तारा आत घालायला भोक पाडायचं म्हणून मी आणि विनायक ती घेऊन नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये गेलो.

वर्कशॉपवाला भला माणूस. "कितीचं भोक?" म्हणाला. सांगितलं. "संध्याकाळी या." संध्याकाळी गेलो तर भोक होतंच, पण शिवाय खाली एक झकास पितळी तोटी बसवलेली!

"हे काय?"

"राहू द्या ताई, माझ्याकडून! मोठी कॅन आहे, वाकवून ओतताना सांडतं."

इतक्या प्रेमानं बसवलेली तोटी काढा कशी म्हणणार? आणली तशीच. काम छान व्हायचं, तोटीचा काही त्रास नव्हता. मग कॉलेजची पाहणी करायला बाहेरून कमिटी आली. त्यातले एक गृहस्थ कॅनभोवती एक फेरी मारून आले, तोटी उघडून पाहिली, खाली हात धरून पाहिला, आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, यातून काय येतं?"

"पेपर," मॅडम म्हणाल्या. "जरा सावकाश येतात."

*

आता गुडघ्याचं.

कॅन आली तरी एक दुखणं राहिलंच. रोज सकाळी कामाला सुरुवात केली की थोड्या वेळानं आलेख थरथरायला लागायचा. विनायक हैराण! त्याचा सगळ्यात चांगला इलेक्ट्रोड नेमका तेव्हाच तयार असायचा. शोध सुरू झाला. पंखे बंद केले, ट्यूबलाईट काढल्या, शेजारच्या फिजिक्सवाल्यांशी भांडून झालं. शेवटी रूथला संशय आला तो मागच्या होस्टेलच्या मेसचा. तिथे त्याच वेळी मोठ्या मिक्सरवर चटणी व्हायची.

मॅडम स्वतः मेसमध्ये गेल्या. मेसच्या मावशी म्हणजे काही कमी प्रकरण नाही. त्या म्हणाल्या, "मुलं नाश्त्याला येतात तेव्हा चटणी ताजी लागते. तुमचा तो कोण डीएनए, त्याला काय चटणीचं वावडं आहे का?"

मॅडमनी काय जादू केली देव जाणे, पण मावशी तयार झाल्या. चटणी पहाटे वाटायची ठरलं. होस्टेलची पोरं कुरकुरली, "आंबट होते हो!" म्हणून तक्रारी झाल्या, आम्ही लक्ष दिलं नाही. विज्ञानासाठी एवढं सोसायलाच पाहिजे.

आलेख थरथरायचा तो थरथरतच राहिला!

एक दिवस रूथ पडलेलं झाकण उचलायला मॅडमच्या टेबलाखाली वाकली आणि तशीच राहिली. मॅडमच्या गुडघ्यांना विजेवर गरम होणारा पट्टा गुंडाळलेला होता, आणि त्याची वायर थेट आमच्याच बोर्डात! थंडी पडल्यापासून मॅडम रोज सकाळी आल्या आल्या तो लावून बसत होत्या.

सांगणार कोण? विनायक म्हणाला, "ताई, तुमी शिनियर." मी म्हटलं, "पीएचडी तुझी." शेवटी रूथच पुढे झाली. भारी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आज ऊन चांगलं पडलंय. आपण तुमची खुर्ची व्हरांड्यात ठेवू या का?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, आलेखाकडे पाहिलं, वाकून स्वतःच प्लग काढला. आलेख एकदम सरळ! कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणाची? मग मॅडम म्हणाल्या, "मावशींना चटणीचं आज सांगू नका. मी आणखी थोड्या दिवसांनी सांगेन. माझ्या पद्धतीनं."

*

तरी डीएनए कधी बसायचा, कधी नाही. मॅडम म्हणाल्या, दोष घासण्यात आहे. इलेक्ट्रोड बारीक पांढऱ्या पुडीवर इंग्रजी आठच्या आकड्यात घासावा लागतो, एका लयीत, एका दाबानं. विनायक घासायचा ते भांडी घासल्यासारखं. रूथचा इलेक्ट्रोड मात्र आरशासारखा. तिचं गुपित म्हणजे ती घासताना चर्चमधलं एक नाताळचं गाणं गुणगुणायची. गाणं संपलं की घासणं संपलं.

मॅडमनी हुकूम सोडला, "विनायकला ते गाणं शिकव."

झालं! विनायक ते गाणं शिकला. आवाज दणदणीत, सूर त्याच्या मर्जीचे, पण इलेक्ट्रोड असा निघाला की त्यात भुवया दिसाव्यात. आणि डीएनए रोज बसायला लागला! आम्हाला इतका आनंद झाला, की रूथनं घरून केक आणला. विनायकची पीएचडी खरी तिथेच मार्गी लागली, असं मी अजून मानते.

पण सवय वाईट असते. दिवाळीला तो घरी गेला. आईनं देवाची भांडी घासायला बसवलं. चिंच हातात आली, तांब्या हातात आला, आणि ह्याचं नाताळचं गाणं सुरू! अंगणात, मोठ्यानं, आठच्या आकड्यात!

आईनं सगळं गाणं ऐकून घेतलं. मग तांब्या हातात घेऊन उन्हात धरला आणि म्हणाली, "गाणं कुणाचं का आसंना, तांब्या ब्येस निघाला. आता समई घे."

*

हा छोटासाच आहे. करंटचे आलेख काढायची एक जुनी रीत आहे आणि एक नवी. जुन्या रीतीत वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. म्हणजे कागद उलटा धरला की झालं. मॅडम जुन्या रीतीच्या. विनायकनं आलेखाचा कागद आणला की त्या तो शांतपणे फिरवायच्या आणि वाचायच्या. कुणाचंच काही अडत नव्हतं.

मग कॉलेजनं सगळ्यांना टॅब दिले. विनायकनं थिसिसचे आलेख टॅबवर आणले. मॅडमनी टॅब उलटा केला. आलेख गर्रकन फिरून पुन्हा सरळ! मॅडमनी टॅब पुन्हा फिरवला. आलेखही पुन्हा फिरला. असं बराच वेळ चाललं. आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत होतो.

शेवटी मॅडमनी टॅब टेबलावर आडवा ठेवला, उठल्या आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. "हं," म्हणाल्या, "आता बोल."

*

आणि आता विनायकची तोंडी परीक्षा.

बाहेरून जे परीक्षक आले त्यांना आपण नुसतं सर म्हणू. मोठा माणूस, या विषयातला नावाजलेला, आणि मुलखाचा संशयी. त्यांनी थिसिसवर आधीच लिहून कळवलं होतं, "आलेख फार देखणे आहेत. इतके देखणे, की शंका येते." हे वाचल्यापासून विनायकचा डबा पुन्हा अर्धा राहायला लागला होता. मॅडमच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस उरलेले. आज सही झाली तर झाली, नाहीतर सगळं मुसळ केरात.

विनायक बोलला छान. प्रश्नांची उत्तरंही नीट दिली. आम्ही हुश्श करणार, तेवढ्यात सर म्हणाले, "बोलणं झालं. आता दाखवा." आणि बॅगेतून दोन बाटल्या काढल्या. एकीवर अ, दुसरीवर ब.

"एकीत पोटॅशियमचं मीठ आहे, एकीत साधं खायचं मीठ. तुमच्या लॅबमधलं मीठ मला चालणार नाही, म्हणून मी घरूनच तयार करून आणलंय. कुठली कुठली, ते तुमच्या डीएनएनं सांगायचं. चुकला तर मी सही करणार नाही. स्पष्ट सांगतो."

मे महिन्याचं ऊन, पंखे बंद, सगळ्यांचे मोबाईल बाहेर शिपायाकडे. सर कॅनला खेटून बसले. विनायकनं आदल्या रात्रीच घासून, डीएनए चिकटवून ठेवलेला इलेक्ट्रोड उचलला. गाणं ओठातल्या ओठात. आधी नुसतं आमचं साधं द्रावण घातलं. रेघ खाली, शांत. मग बाटली अ. रेघ झपकन वर! घडी पडली. धुतलं, रेघ पुन्हा खाली. मग बाटली ब.

रेघ वर!

अ पेक्षा थोडी कमी, पण वरच. विनायकनं दुसरा इलेक्ट्रोड घेतला आणि सगळं पुन्हा केलं. तेच. पुन्हा अ वर, ब थोडी कमी वर.

रूथ माझ्या कानात पुटपुटली, "ब म्हणू दे. ब कमी आहे ना, ब म्हणजे साधं मीठ म्हणू दे, सुटेल तो!" मलाही अगदी तेच वाटत होतं. एकीत पोटॅशियम, एकीत मीठ, हे तर सर स्वतःच सांगून बसलेले. मी विनायककडे बघून डोळ्यांनी 'ब, ब' करत होते. त्याला ते दिसलं, हे मला नक्की माहीत आहे.

"बोला," सर म्हणाले. "साधं मीठ कुठलं?"

विनायकनं घाम पुसला. "सर, कुठलंच न्हाई. दोन्हीत पोटॅशियम हाय."

"पुन्हा विचार करा."

"इचार करून सांगायचं आसतं तर मी ब म्हनलो आसतो, सर. पन डीएनए दोन्हीला घडी घालतोय. त्यो घालतोय, तर मी न्हाई कसं म्हनू?"

परीक्षेला म्हणून त्यानं महिनाभर घोटलेली शुद्ध भाषा पार उडाली होती. सर मॅडमकडे वळले. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

मॅडमचा आवाज नेहमीसारखाच, हळू. "तो म्हणतो तेच. आमच्या दोघांचं एकच उत्तर लिहून घ्या."

"अहो, मी माझ्या हातानं घातलंय!" सरांचा आवाज चढला. "माझ्या घरच्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातलं मीठ!"

"मग डब्याला विचारा," मॅडम म्हणाल्या.

सर ताडकन उठले, बाहेर गेले, शिपायाकडून स्वतःचा मोबाईल घेऊन परत आत आले. त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण फोन लावला तो स्पीकरवर.

"अगं, त्या निळ्या डब्यात मीठ कुठलं आहे?"

"कुठलं म्हणजे?" पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज आला. "तुमचं बीपीचं! डॉक्टरांनी सोडियम कमी करा म्हटल्यापासून तेच आणते मी, पोटॅशियमवालं. पाकिटावर एवढं मोठं लिहिलंय! दोन्ही वेळा जेवताय, अजून तुम्हाला कळलं नाही?"

सरांनी फोन बंद केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खिशातून पेन काढलं.

"डॉक्टर विनायक," ते म्हणाले, "हे आजचे आलेख थिसिसला जोडा. आमच्या हिचं शेवटचं वाक्य तेवढं गाळा."